धुरावाचून अग्नी

'गॅलक्सी'साठी मराठी विज्ञानलेखकांनी रूढ केलेला शब्द आहे दीर्घिका. संस्कृत कोशात त्याचा अर्थ लांबट आकाराचे तळे, उद्यानातली पुष्करिणी असा दिलेला आहे. 'मॉलिक्यूल'ला आपण रेणू म्हणतो; रेणूचा मूळ अर्थ धूळ. संतवाङ्मय वाचणाऱ्याच्या कानात 'अणुरेणू' हा जोडशब्द असतो, पण तेथे तो केवळ सूक्ष्मतेचा वाचक असतो. तेव्हा 'दीर्घिकेतील रेणवीय हायड्रोजन' हे शब्द एखाद्या जुन्या शास्त्रीबोवांपुढे ठेवले, तर येथे तळ्यातल्या धुळीविषयी काही सांगितले जात आहे असा त्यांचा समज होईल. गंमत अशी, की हा समज अगदीच वावगा ठरणार नाही.

दीर्घिका खरोखरच एक जलाशय आहे, फक्त पाण्याच्या जागी वायू आहे. बाहेरच्या अवकाशातून तिच्यात वायू येत राहतो, त्याचे तारे होतात, आणि ताऱ्यांच्या स्फोटांमुळे काही वायू पुन्हा बाहेर फेकला जातो. आवक, साठा आणि जावक यांचा हा हिशेब मांडताना अभ्यासक स्वतःच आंघोळीच्या टबाची उपमा वापरतात. धुळीचे म्हणाल, तर हायड्रोजनचा रेणू घडतोच मुळी धुळीवर. पोकळीत भेटलेले दोन अणू सहसा एकमेकांना धरून राहू शकत नाहीत. कारण बंध जुळताना जी ऊर्जा मोकळी होते, ती कोणाच्या तरी स्वाधीन करावी लागते. अवकाशातील धुळीचा सूक्ष्म कण ती पत्करतो. दोन अणू त्याच्या पृष्ठभागावर भेटतात आणि रेणू होऊन बाहेर पडतात. पुढे अतिनील किरणांपासून त्या रेणूला आडोसा देण्याचे कामही हीच धूळ करते.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवतो. आमच्यापैकी एकाकडे साहित्यशास्त्र आहे, दुसऱ्याकडे वाङ्मयेतिहास. भौतिकशास्त्र विभागातील एका सहकाऱ्यांनी आमचा एक जुना वाद ऐकून, संगणकात घडवलेल्या दीर्घिकांतील रेणवीय हायड्रोजनविषयीचे काही निबंध आम्हाला वाचायला दिले. वाद असा होता : जे संहितेत लिहिलेले नाही त्याविषयी समीक्षकाने विधान करावे काय, आणि केले तर कोणत्या अधिकाराने? निबंधांतील गणित ओलांडून आम्ही पुढे गेलो. पण त्यांतील विचाराची पद्धत ओलांडता आली नाही. हा लेख त्या वाचनातून निघाला आहे.

प्रथम या वायूचे महत्त्व. तारे जन्मतात ते थंड, दाट, रेणवीय ढगांत. मृग नक्षत्रातला प्रसिद्ध तेजोमेघ अशाच एका प्रचंड ढगाच्या कडेला आहे. आपल्या आकाशगंगेत सुमारे शंभर कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका रेणवीय हायड्रोजन आहे, आणि त्यातून वर्षाकाठी एक ते दोन सूर्यांइतके नवे तारे घडतात. आसपासच्या दीर्घिकांतील साठा आणि खर्च पाहिला, तर आजच्या गतीने तो सुमारे दोनशे कोटी वर्षांत संपावा. विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे साठा सतत भरला जात असला पाहिजे. दुसरी गोष्ट अशी, की सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी विश्वात तारे घडण्याचा वेग आजच्या कितीतरी पट होता आणि तेव्हापासून तो उतरत आला आहे. हे तळे आटत का आले, असे ज्याला विचारायचे आहे, त्याला प्रथम तळ्यात पाणी किती होते ते मोजावे लागेल.

अडचण येथेच आहे. हा वायू दिसत नाही.

सुटा हायड्रोजन अणू स्वतः बोलतो. तो २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. हे भाकीत १९४४ साली हेंड्रिक व्हान दे हुल्स्ट यांनी केले आणि १९५१ साली ती लहर प्रत्यक्ष ऐकली गेली. तोच अणू जोडीने राहू लागला की मात्र मुका होतो. हायड्रोजनच्या रेणूची दोन्ही टोके अगदी सारखी. त्यामुळे ज्या विद्युत-असमतोलातून रेडिओ लहरी सहज निघतात, तो त्याच्या ठायी नाही. त्याच्याकडून थोडे प्रारण मिळवायचे तर त्याला काही शे अंशांपर्यंत तापवावे लागते, आणि ज्या ढगांत तो राहतो त्यांचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अवघे दहा-वीस अंश असते. अवकाशात त्याची पहिली प्रत्यक्ष नोंद जॉर्ज कॅरुथर्स यांनी १९७० साली केली, तीही त्याच्या प्रकाशावरून नव्हे. ययाती तारकासमूहातील एका ताऱ्याचा अतिनील प्रकाश वाटेतल्या वायूने कोठे कोठे गिळला, ते अग्निबाणावर पाठवलेल्या उपकरणाने त्यांनी पाहिले. उजेडातील उणीव हीच त्याची खूण.

त्याच वर्षी दुसरा मार्ग सापडला. विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांना मृगातील तेजोमेघाकडून २.६ मिलिमीटरची एक लहर मिळाली. ती होती कार्बन मोनॉक्साइडची. हा रेणू रेणवीय ढगांतच राहतो. संख्येने तो अत्यल्प आहे, दहा हजार हायड्रोजन रेणूंमागे जेमतेम एक. पण त्याची दोन टोके असमान असल्याने तो थंडीतही बोलतो. तेव्हापासूनची रीत अशी, की कार्बन मोनॉक्साइडचा प्रकाश मोजायचा, त्याला एका ठरावीक आकड्याने गुणायचे, आणि येणाऱ्या उत्तराला रेणवीय हायड्रोजनचे वस्तुमान म्हणायचे. मुका धनी आणि बोलका चाकर, असा हा व्यवहार आहे. चाकराच्या बोलण्यावरून धन्याची मालमत्ता ठरते.

तर्कशास्त्राच्या प्राथमिक ग्रंथांपासून आपल्याकडे अनुमानाचे जे उदाहरण चालत आले आहे, ते पर्वतावरच्या धुराचे. धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. हे उदाहरण आपण सारेच वर्गात देतो. मात्र त्याची दुसरी बाजू सांगायला वर्गात सहसा वेळ उरत नाही. 'धूर आहे म्हणून अग्नी आहे' हे अनुमान निर्दोष आहे. 'अग्नी आहे म्हणून धूर असणारच' हे सदोष आहे. नैयायिक त्यासाठी तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देतात. गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी अग्नी पुरत नाही, इंधन ओले असावे लागते. या दडलेल्या अटीला त्यांनी नाव दिले आहे 'उपाधी'. उपाधी ओळखली नाही, तर धूर न दिसलेल्या प्रत्येक पर्वतावर आपण अग्नी नाही असे सांगत सुटू.

कार्बन मोनॉक्साइडची उपाधी कोणती? कार्बन आणि ऑक्सिजन ही ताऱ्यांच्या पोटात घडलेली मूलद्रव्ये तेथे पुरेशी असली पाहिजेत, आणि अतिनील किरण अडवायला पुरेशी धूळही पाहिजे. दक्षिण गोलार्धातून दिसणाऱ्या लहान मॅगेलॅनिक मेघात अशी मूलद्रव्ये सूर्याच्या मानाने सुमारे एकपंचमांश आहेत. तेथे तारे घडत आहेत, पण कार्बन मोनॉक्साइडचा प्रकाश अगदी क्षीण आहे. हायड्रोजनचे रेणू दाटीने राहून एकमेकांना झाकतात आणि टिकतात. कार्बन मोनॉक्साइडला ते तितके साधत नाही, तो ढगाच्या बाहेरच्या थरांत फुटून जातो. हा धुरावाचूनचा अग्नी आहे, लोखंडाचा तापलेला गोळा. म्हणून तो 'ठरावीक' गुणक सर्वत्र ठरावीक नसतो. आकाशगंगेत जो आकडा चालतो, तो मूलद्रव्यांनी दरिद्री असलेल्या बटुदीर्घिकेत अपुरा पडतो, आणि ताऱ्यांच्या घडणीने उफाळलेल्या दाट दीर्घिकांत जादा होतो.

आता संगणकातील दीर्घिकांकडे येऊ. इंग्लंडमधील डरहॅम आणि नेदरलँड्समधील लायडन येथील अभ्यासकांच्या पुढाकाराने झालेल्या 'ईगल' या प्रकल्पाचे मुख्य निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षे लांबीची बाजू असलेला विश्वाचा एक घनाकार तुकडा घ्यायचा, त्यात आरंभीच्या विश्वातील बारीक उंचसखलपणा भरायचा, गुरुत्वाकर्षण व वायूच्या गतीचे नियम द्यायचे, आणि सुमारे ६८० कोटी कणांना काळाच्या प्रवाहात सोडून द्यायचे. हजारो दीर्घिका त्यात आपोआप आकार घेतात. काही चक्राकार, काही लंबगोल. पडद्यावर त्या पाहताना दुर्बिणीतून काढलेली छायाचित्रे पाहत आहोत असा भास होतो.

आमच्यापैकी साहित्यशास्त्र शिकवणाऱ्यास येथे श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय आठवला. चित्रातल्या घोड्याकडे पाहून 'हा घोडा' असे आपण म्हणतो. ही प्रतीती खरी नाही, खोटी नाही, संशयाची नाही, नुसत्या सादृश्याचीही नाही. ती वेगळ्याच जातीची आहे, आणि नटाच्या ठायी प्रेक्षक रसाचे अनुमान करतो ते अशाच प्रतीतीच्या आधारावर, असे शंकुकाचे म्हणणे. 'ईगल'मधील दीर्घिका हा असा चित्रातला घोडा आहे. त्यावर बसून कोठे जाता येत नाही, पण घोड्याविषयी बरेच शिकता येते.

मात्र या घोड्याची एक गोष्ट आम्हाला निबंध वाचल्यावरच कळली. त्याच्यात रेणवीय हायड्रोजन काढलेलाच नाही.

कारण साधे आहे. 'ईगल'मध्ये वायूचा एकेक कण सुमारे अठरा लाख सूर्यांच्या वस्तुमानाचा आहे. प्रत्यक्षातले बहुतेक रेणवीय ढग याहून लहान असतात. मृगातला अख्खा ढग एका कणात मावून जागा उरेल. पुस्तकातले सर्वांत लहान अक्षरच एका परिच्छेदाएवढे असावे, तसे हे. शिवाय इतक्या जाड अक्षरांत थंड वायूचे वर्तन लिहिता येत नाही, म्हणून दाट वायूला दहा-वीस अंशांपर्यंत थंड होऊच दिलेले नाही. दाब आणि घनता यांचा एक कृत्रिम नियम लावून त्याला हजारो अंशांवर रोखून धरलेले आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'इलस्ट्रिस-टीएनजी' या दुसऱ्या मोठ्या प्रकल्पातही दाट वायूसाठी अशीच तडजोड आहे. ज्या तापमानाला रेणू घडतात आणि टिकतात, ते तापमान या विश्वांत नाही.

तरीही या दीर्घिकांतील रेणवीय हायड्रोजनावर निबंध लिहिले जातात, आणि ते गंभीर निबंध आहेत. ते कसे? संगणकाचे काम संपल्यावर अभ्यासक प्रत्येक कणापाशी जातो. येथे दाब किती, जड मूलद्रव्ये किती, जवळपास तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश किती, हे पाहतो. आणि मग विचारतो, की अशा परिस्थितीत हायड्रोजनचा किती भाग रेणुरूप झाला असता? त्यासाठी नियम अनेक आहेत. ब्लिट्झ आणि रोसोलोव्स्की यांनी २००६ साली जवळच्या दीर्घिकांच्या निरीक्षणांवरून मांडलेला नियम केवळ दाबाकडे पाहतो. दुसरे काही नियम रेणूंची घडण आणि मोडतोड यांचा सैद्धांतिक हिशेब करतात. एकाच दीर्घिकेला निरनिराळे नियम लावले, तर साठाही थोडाबहुत निराळा निघतो. वेगळ्या शब्दांत, येथील रेणवीय हायड्रोजन हा संहितेचा भाग नसून भाष्याचा भाग आहे. संहिता पूर्ण झाल्यावर, तिच्यातील खुणांच्या आधारे, भाष्यकाराने तो ठरवलेला आहे.

आमच्यापैकी वाङ्मयेतिहास शिकवणाऱ्याची यावर पहिली प्रतिक्रिया कपाळाला आठ्या घालण्याची होती. जे लिहिलेच नाही त्याचा एवढा हिशेब कशासाठी? पण आठ्या टिकल्या नाहीत, कारण हा हिशेब तपासता येतो. क्लौडिया लागोस आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली 'ईगल'मधील साठा मोजला, तेव्हा आजच्या, जवळच्या विश्वापुरता तो निरीक्षणांशी चांगला जुळला. दूरच्या, म्हणजे प्राचीन विश्वात तो कमी पडू लागला. पुढे चिलीच्या अटाकामा वाळवंटातील 'अल्मा' या दुर्बीणसमूहाने आकाशाच्या एका लहानशा तुकड्यात खोलवर पाहून कार्बन मोनॉक्साइडची नोंद घेतली. तिच्याशी गेर्गो पॉपिंग आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली 'इलस्ट्रिस-टीएनजी'ची तुलना केली. प्राचीन दीर्घिकांत निरीक्षणांना जितका रेणवीय वायू दिसतो, त्याच्या निम्मा किंवा एकतृतीयांशच संगणकातल्या दीर्घिकांत निघतो, असे त्यांना आढळले.

हा क्षण आम्हाला फार मोलाचा वाटतो. सर्वसाधारण कल्पना अशी, की निरीक्षण म्हणजे सत्य, प्रतिकृती म्हणजे कल्पना; दोहोंत विरोध आला तर कल्पनेने माघार घ्यावी. येथे तसे म्हणता येत नाही. निरीक्षणानेही हायड्रोजन पाहिलेला नाही. त्याने धूर पाहिला आणि गुणक लावला. प्रतिकृतीनेही तो पाहिलेला नाही. तिने परिस्थिती पाहिली आणि नियम लावला. विरोध दोन अनुमानांतला आहे. निरीक्षणाचा गुणक लहान धरला तर तफावत बरीच कमी होते, पण तो तसा धरायला त्या दीर्घिकांपुरता आधार हवा. प्रतिकृतीत ताऱ्यांचे स्फोट वायू फार जोराने बाहेर फेकतात असे मानले तरी काही उलगडा होतो, पण मग दुसरीकडे जुळलेले हिशेब मोडू शकतात. कोणीही आपली बाजू नुसत्या आग्रहाने जिंकू शकत नाही. प्रत्येकाला आपली उपाधी टेबलावर ठेवावी लागते : मी हा गुणक धरला आहे, मी हा नियम लावला आहे, तो बदलला तर माझे उत्तर इतके बदलेल. हे वाक्य त्या निबंधांत पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या रूपांत, कसलाही संकोच न करता येते.

आमच्या शास्त्रात ते किती वेळा येते? शंकुकाचेच पाहा. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मत आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त त्याचे खंडन केले म्हणून. म्हणजे शंकुक हा मुका धनी आणि त्याचा प्रतिपक्षी हा बोलका साक्षीदार. प्रतिपक्षी मत मांडतो तेव्हा ते कोणत्या गुणकाने लहान-मोठे होते, हे विचारल्यावाचून आपण 'शंकुकाच्या मते' असे लिहितो, विद्यार्थी ते उतरवून घेतात, आणि परीक्षेत त्याला गुण मिळतात.

गेल्या वर्षी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीचा लघुप्रबंध आमच्या दोघांकडे होता. विषय तिच्या तालुक्याची वाङ्मयीन परंपरा. पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होते : छापखाना येण्यापूर्वी या भागात स्त्रियांची वाङ्मयनिर्मिती आढळत नाही. हस्तलिखितांच्या याद्या, गॅझेटियर, जुनी नियतकालिके हे सारे तिने प्रामाणिकपणे चाळले होते. धूर कोठेच नव्हता. आम्ही तिला दोन प्रश्न विचारले. लिहिलेले सापडायला काय काय असावे लागते? आणि त्यांपैकी काय त्या बायकांपाशी होते? अक्षरओळख, कागद, जपून ठेवणारे घर, यादी करणारा माणूस. ओल्या इंधनाची ही यादी करता करता तीच थांबली. जात्यावरच्या ओव्या तिच्या आजीला येत होत्या. महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ यांनी ज्या ओव्या गोळा करवल्या त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्या कागदावर आल्या विसाव्या शतकाच्या अखेरीस, गायल्या जात होत्या पिढ्यानपिढ्या.

पण यापुढचा भाग अधिक कठीण होता, आणि तेथेच आम्हा दोघांचा वाद पुन्हा पेटला. 'आढळत नाही, म्हणून नव्हते' हे जितके सदोष, तितकेच 'आढळत नाही, पण असणारच' हेही सदोष आहे. अलीकडे दुसऱ्या प्रकारची विधाने आपल्याकडे मुबलक होतात, आणि ती सहानुभूतीने केलेली असल्यामुळे त्यांना कोणी हटकत नाही. लहान मॅगेलॅनिक मेघात वायू आहे असे खगोलशास्त्रज्ञ म्हणतो, ते त्या मेघाविषयीच्या ममत्वापोटी नव्हे. तेथे तारे जन्मत आहेत, धुळीची ऊब वेगळ्या दुर्बिणीने मोजता येते. अशा दुसऱ्या साक्षी त्याच्यापाशी असतात. आम्ही विद्यार्थिनीला सांगितले ते एवढेच : परंपरा होती असे लिही, पण कोणत्या साक्षीवरून आणि किती, ते त्याच वाक्यात लिही. आजच्या आजीच्या ओवीवरून दोनशे वर्षांपूर्वीच्या ओवीपर्यंत जाताना तू कोणता गुणक धरलास, तेही लिही. तिचे ते वाक्य अखेर सव्वा पानाचे झाले. प्रबंधातला सर्वांत चांगला भाग तोच आहे, असे आम्हा दोघांचेही मत पडले. आणि आमचे एकमत दुर्मीळ असते.

दरम्यान संगणकातील विश्वेही पुढे गेली आहेत. 'ईगल'च्या परंपरेतील 'कोलिब्री' या प्रकल्पाचे निबंध २०२५ साली येऊ लागले. त्यात वायूला दहा अंश केल्विनच्या आसपासपर्यंत थंड होऊ दिले आहे, धुळीचे कण घडतात आणि झिजतात, आणि त्यांच्यावर हायड्रोजनचे रेणू जुळतात. जे भाष्यात होते ते काही अंशी संहितेत आले. अर्थात अक्षरे अजूनही जाड आहेत. एकेका ढगाच्या आतली हालचाल तेथेही नियमांनीच भरून काढावी लागते. भाष्याची गरज संपलेली नाही, तिची हद्द सरकली आहे.

दुसरीकडे आपल्या नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण आहे, तिने सुट्या हायड्रोजनविषयी एक मोठी साक्ष दिली. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली सुमारे आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या ७६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र केले. त्यांपैकी एकीचाही आवाज वेगळा ऐकू येण्याजोगा नव्हता. सगळ्यांची बेरीज केली तेव्हा २१ सेंटिमीटरची लहर उमटली. त्या काळच्या दीर्घिकांत सुटा वायू भरपूर होता, पण तारे घडण्याचा वेग इतका होता, की नवी आवक न झाल्यास तो शे-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. तळे का आटले, याच्या उत्तराचा एक तुकडा जुन्नर तालुक्यातल्या शेतांमधून मिळाला आहे.

सुट्या वायूची साक्ष एकीकडून, जोडलेल्या वायूच्या धुराची साक्ष दुसरीकडून, आणि चित्रातल्या घोड्याची तिसरीकडून, असा हा हिशेब चालू आहे. त्यातला प्रत्येक आकडा उद्या बदलू शकतो, आणि तो कोणत्या अटीवर बदलेल हे आजच लिहून ठेवलेले आहे. यंदाच्या एम.ए.च्या वर्गात साहित्यशास्त्राचा पहिला तास अनुमानावर असेल, आणि पर्वतावरच्या धुराबरोबर लोखंडाचा तापलेला गोळाही त्याच तासाला शिकवायचा, असे आम्ही ठरवले आहे.